गोऱ्यांची येळवस

इंग्रजीचं अक्षर न कळणारा माणूस इंग्रजी व्यंगचित्रांवर अधिकारवाणीने बोलतोय आणि बारावी सायन्सची पोरं माना डोलावतायत, हे दृश्य मी लातुरात जवळजवळ रोज संध्याकाळी पाहिलेलं आहे. बोलणारे आमचे घरमालक अप्पा. माना डोलावणाऱ्यांत मी. क्लासच्या सरांचं मी एवढ्या लक्षपूर्वक ऐकलं असतं तर आज डॉक्टर असतो, असं माझे वडील शेवटपर्यंत म्हणत राहिले.

मी उमरीचा. आमच्या भागातला ज्याचा पोरगा दहावीला बरा निघाला तो त्याला लातूरला टाकायचा, इतकं सोपं गणित होतं त्या काळात. त्यामुळे लातुरात घर म्हणजे पोरं ठेवायची जागा झाली होती. जिन्याखाली खोली, गच्चीवर खोली, गोठ्याला प्लास्टर केलं की तीही खोली. अप्पांनीही मागच्या अंगणात स्लॅबच्या दोन खोल्या काढल्या होत्या. पण भाडेकरू निवडायची त्यांची पद्धत वेगळी होती. वडील मला घेऊन आले तेव्हा अप्पांनी मार्क विचारले नाहीत, जात विचारली नाही. एक चुरगळलेलं चित्र पुढं केलं आणि म्हणाले, “ह्यात काय चुकलंय सांग.”

चित्रात एक गोरं कुटुंब झाडाखाली चौकड्यांची चादर अंथरून जेवायला बसलं होतं. मी बराच वेळ बघून म्हणालो, “बाप मुंग्यांच्या वारुळावर बसलाय.”

“खोली दिली,” अप्पा म्हणाले.

अप्पांचं गंजगोलाईत किराणा दुकान होतं. तब्येतीमुळे ते त्यांनी पुतण्याकडे सोपवलं होतं. दुकान चालवत असताना पुड्या बांधायला रद्दी लागायची आणि ती हैदराबादेहून गठ्ठ्यांनी यायची. त्यात साहेब लोकांच्या बंगल्यांतली जुनी इंग्रजी मासिकं असत, रंगीत चित्रांची पानं असत. शेंगदाण्याची पुडी बांधता बांधता एके दिवशी अप्पांच्या हाताखाली पिकनिकचं चित्र आलं आणि त्यांनी गिऱ्हाइकाला दुसऱ्या कागदात शेंगदाणे दिले. तिथून जे सुरू झालं ते थांबलं नाही. दुसरं कुठलंही चित्र असो, त्यात हळद बांधली जायची. पिकनिकचं चित्र मात्र बाजूला निघायचं, इस्त्री केल्यासारखं सरळ व्हायचं आणि पत्र्याच्या ट्रंकेत जायचं. ती ट्रंक त्यांच्या खाटेखाली असे.

पिकनिकच का, असं मी एकदा विचारलं. अप्पांना प्रश्नच कळेना. “अरे, ही त्यांची येळवस न्हवं का?” ते म्हणाले.

लातूरबाहेरच्या वाचकाला येळवस सांगायला हवी. मार्गशीर्ष सरता सरता येणारी अवस ती वेळ अमावास्या, आमच्या तोंडी येळवस. त्या दिवशी अख्खं लातूर कुलूप लावून शेतात जातं. कडब्याची कोपी उभी करायची, आत पाच दगड पांडव म्हणून मांडायचे, काळ्या आईची पूजा करायची आणि मिश्र भाज्यांची भज्जी, ताकातली अंबील, ज्वारी-बाजरीचे उंडे असं दुपारभर खायचं. ज्याला शेत नाही त्याला शेतवाला बोलावतो. शहरात त्या दिवशी कुत्रं दिसत नाही. तर गोऱ्या लोकांतही अशी येळवस असते, फक्त ते कोपी करत नाहीत आणि चादर चौकड्यांची घेतात, असा अप्पांचा शोध होता. त्यांना एवढंच कोडं पडे, की घरी टेबल-खुर्ची असलेली ही माणसं भुईवर बसून जेवायला मोटार काढून इतक्या लांब कशाला जातात. “आपन रोजच भुईवर जेवतो. म्हंजी आपली रोजच पिकनिक,” असं म्हणून ते समाधानाने सुपारी कातरत.

चित्राखालचं इंग्रजी वाचून दाखवायचं काम माझं. पण मी वाचायला लागलो की ते हात वर करत. “थांब. ही बाई काय म्हनायली ते मला माहीत हाय. ती म्हनती, ‘घरीच सांगितलं होतं, पाट घेऊन चला म्हनून.’” मग मी खालची खरी ओळ मराठीत सांगायचो आणि ती नेहमीच फिकी असायची. पुढं पुढं मी वाचणं सोडून दिलं.

त्यांचा एक सिद्धांत होता आणि तो ते येईल त्याला ऐकवत. पिकनिकच्या चित्रात सगळं वाटोळं होतं. मुंग्या टोपली पळवतात, बैल मागं लागतो, आभाळ फाटतं, पोरगं ओढ्यात पडतं. “पन कुनी मरत न्हाई,” अप्पा म्हणायचे. “सगळी ट्रंक बघ. एक मयत दाखीव, ह्या महिन्याचं भाडं सोडतो.” आम्ही पोरांनी एक अख्खा रविवार ट्रंक उपसण्यात घालवला. एकही मयत सापडलं नाही.

बरं, हे नुसतं बघण्यापुरतं नव्हतं. चित्रकारांनी हे सगळं अनुभवातून काढलंय, तेव्हा माणसाने शहाणं व्हावं, अशी त्यांची श्रद्धा होती. आमची बॅच एकदा धरणावर सहलीला निघाली तर अप्पांनी मला छत्री, हळदीची पुडी, कांदा आणि दावं दिलं. हळद मुंग्यांसाठी, कांदा गांधीलमाशी चावली तर. दावं कशाला, विचारलं तर म्हणाले, “बैलाचं काय सांगता येतं?” बैल भेटला नाही. परत येताना पाऊस मात्र आला आणि सगळ्या बॅचमध्ये मी एकटा कोरडा होतो. पुढचे आठ दिवस अप्पा रस्त्याने जाणाऱ्याला थांबवून हे सांगत होते.

अव्वा, म्हणजे त्यांची बायको, या सगळ्याकडे बघायचीही नाही. ती ठेंगणी, कामाला वाघीण, बोलायला कमी. रागावली की कानडीत शिरायची आणि तिथून बाहेर यायला तिला अर्धा तास लागायचा. ट्रंकेला ती ‘तुमची सवत’ म्हणायची. अप्पा म्हणायचे, “अगं, माझी सवत कशी होईल? तुझी होईल.” यावर पुन्हा कानडी.

आणि मग भूकंप झाला.

त्याबद्दल मी जास्त लिहिणार नाही. लातूर शहर त्यातल्या त्यात बचावलं. आमच्या घराला स्वयंपाकघराच्या दारावर एक तडा गेला, बाकी काही नाही. आम्ही पोरं पहाटे अंगणात उड्या टाकून बाहेर आलो आणि हसलोसुद्धा. उजाडल्यावर औसा-निलंग्याकडच्या बातम्या यायला लागल्या आणि आमचं हसणं घशातच राहिलं. गल्लीत असं घर नव्हतं ज्याचं तिकडे कुणी नव्हतं. दुसऱ्या दिवशी वडील आले आणि मला उमरीला घेऊन गेले.

दिवाळीनंतर परत आलो तर अप्पा अंगणात. लिंबाखाली चौकड्यांची चादर, तिच्यावर ते, बाजूला झाकणाची टोपली, तांब्या, ट्रंक. मी पाया पडलो आणि विचारलं, “अप्पा, अजून बाहेरच?”

“भिऊन न्हाई बसलो,” ते म्हणाले. “पिकनिकला आलोय.”

सुरुवातीला यात विशेष वाटण्यासारखं नव्हतं. अर्धं लातूर तेव्हा उघड्यावर झोपत होतं. जमीन अधूनमधून अंग झटकायची आणि माणसं अंथरुणासकट रस्त्यावर यायची. पण थंडी वाढली तशी एकेक करून सगळी आत गेली. अप्पा राहिले. जेवण बाहेर, झोप बाहेर, दाढी बाहेर. त्यांना दम्याचा त्रास होता. दंवात झोपून खोकला असा वाढला की माझ्या खोलीत प्रमेय पाठ होईना. डॉक्टरांनी बजावलं होतं, असेच बाहेर राहिलात तर हा हिवाळा निघणार नाही. अप्पांनी डॉक्टरांना बैल मागं लागल्याचं चित्र दाखवलं, “ह्यात कुनी मेलंय का?”

अव्वा रोज संध्याकाळी ताट बाहेर आणून द्यायची आणि स्वतः उंबऱ्यावर बसून जेवायची, एक पाय आत, एक पाय बाहेर. झोपायचीही तिथंच, उंबऱ्याला लागून. “अवो, आत या,” एवढंच म्हणायची. अप्पा म्हणायचे, “पिकनिक सोडून?” आणि तिच्याकडे न बघता म्हणायचे, हे माझ्या हळूहळू लक्षात आलं. पूर्वी दिवसातून दहा वेळा भांडणारी माणसं ती. आता घरातून कानडी ऐकूच येत नव्हती.

खरी गोष्ट मला समोरच्या पिंजारी चाचांकडून कळली. क्लासला येणाऱ्या पोरांच्या गाद्या भरून देण्यात चाचांना तेव्हा श्वास घ्यायला फुरसत नव्हती, पण गोष्ट सांगायची म्हटल्यावर त्यांनी कमान बाजूला ठेवली.

“देखो बेटा, वो सुबू हमें सब भागे. मै तो लुंगी बी हात में पकडके भागा,” चाचा म्हणाले. “अप्पा बी भागे. खाट के नीचे की पेटी उठाए, सीने से लगाए, सीधे सडक पे. मै पूछा, अव्वा कां हैं? तो अप्पा पेटी को देखे. बस, पेटी को देखते रह गए. अव्वा अंदरच थे.”

“मग?”

“मग क्या, घर तो गिरा नई. थोडी देर से अव्वा आपीच आए. पल्लू-बिल्लू ठीक करके, चप्पल पैन के. कुछ नई बोले. वो दिन से आज तक वो बात पे कुछ नई बोले.” चाचांनी कापसाचा पुंजका फुंकरीने उडवला. “गालियां देते तो अप्पा कबके अंदर जाते.”

गल्लीने मात्र बोलायचं काही ठेवलं नव्हतं. “अप्पा, ट्रंक बरी हाय का?” असं जाता-येता कुणीतरी विचारायचंच. अप्पा हसून “हाव, हाव” म्हणायचे. मी त्यांच्या शेजारी चादरीवर बसलो असताना एकदा असंच झालं. विचारणारा पुढं गेल्यावर अप्पा बराच वेळ खोकत राहिले. मी म्हणालो, “अप्पा, घर पक्कं आहे. इंजिनिअर येऊन बघून गेलाय. पडणार नाही.”

“घर पडंल म्हनून न्हाई बसलो रे,” ते म्हणाले. “आत ती असती.”

एवढ्या मोठ्या माणसाची मला कीव आली आणि कीव आल्याबद्दल लाज वाटली. त्या हिवाळ्यात अप्पा जातात की काय, ही धास्ती मला बारावीच्या परीक्षेपेक्षा जास्त होती, हे मी वडिलांना कधी सांगितलं नाही.

येळवस आली. यंदा करावी की नाही, यावर गल्लीत दोन तट होते. जिने माणसं गिळली तिची पूजा कशी करायची, असं काही म्हणत होते. अव्वाने निकाल दिला. “भुईवर रुसून जाताव कुठं? पाय तर तिच्यावरच ठेवायचे.” रेणापूरच्या बाजूला अप्पांचं थोडं शेत होतं. पुतण्याचं कुटुंब, चाचा आणि मी असे सगळे जीपने निघालो. उघड्यावर जायचं म्हटल्यावर अप्पांचीही ना नव्हती. उलट ते पूर्ण तयारीनिशी आले. पौषाच्या तोंडावर छत्री घेतली. अव्वाला लाल लुगडं नेसू नको म्हणाले. अव्वा लाल इरकलच नेसली. शेतात पोचल्याबरोबर त्यांनी मूठभर साखर लांब बांधावर नेऊन टाकली. “मुंग्यांचं आधी दिलं की टोपलीला येत न्हाईत.” मग वाटेकऱ्याला विचारलं, “बैल बांधलेत का?” वाटेकरी म्हणाला, “हाव अप्पा, दोन्ही बांधलेत.” ते खरंच होतं.

वाटेकऱ्याने कोपी जोरदार केली होती. कडब्याच्या पेंढ्या एकमेकींना टेकवून, माणूस वाकून आत जाईल एवढी. आत पांडव मांडलेले, पुढं मातीच्या बिंदग्यात अंबील, भज्जीचं पातेलं. पूजा जोडीने करायची असते. अव्वा आत जाऊन बसली. अप्पा कोपीच्या तोंडाशी उभे.

“या की,” अव्वा म्हणाली.

“हितनंच करतो.”

“हितनं पूजा होती का कधी? हे घर न्हाई. कडबा हाय. कडबा अंगावर पडून कुनी मरत नसतं.”

अप्पांनी एक पेंढी ओढून बघितली. चाचांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग छत्री माझ्या हातात दिली आणि वाकून आत शिरले. भूकंपानंतर पहिल्यांदाच त्यांच्या डोक्यावर काहीतरी आलं होतं. दोघं मांडीला मांडी लावून बसली, पण अप्पांची नजर समोरच्या दगडांवरून हलत नव्हती. त्यांनी हळद वाहिली, कुंकू वाहिलं. अव्वाने अंबिलीच्या बिंदग्याला हात लावला आणि कोपी हलली.

आधी थोडी. मग चांगलीच. वरून पाला गळायला लागला, पांडवांतला एक आडवा झाला. पुतण्याची बायको किंचाळली, “हालायलंय! हालायलंय!”

यानंतर जे झालं त्याचं वर्णन करताना मला अजून हसू येतं. आम्ही उघड्या रानात होतो. पळून जाणार कुठं, हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. सगळे पळाले. मी छत्रीसकट पळालो, चाचा लुंगी धरून पळाले. पण सगळ्यांच्या पुढं अव्वा होती. तिने पांडव ओलांडले, भज्जीच्या पातेल्यात पाय दिला, पदर खांद्यावरून घसरलेला तसाच, आणि ती हरभऱ्याच्या रानातून अशी गेली की पोरीबाळी मागं पडल्या. अप्पांचे गुडघे मांडी घातली की लवकर सुटत नसत. ते उठायच्या आत अख्खी कोपी त्यांच्या अंगावर बसली.

आणि कोपीच्या मागून बैलाचं तोंड दिसलं. शेजारच्या शेतातला, दावं तोडून आलेला. तोंडात पेंढी. तो निवांतपणे आमचं घर खात होता.

हरभऱ्यात लांब उभ्या अव्वाने मागं वळून बघितलं. तिला आधी बैल दिसला, मग पडलेला कडबा दिसला, आणि मग आपल्या शेजारी नवरा नाही हे तिच्या लक्षात आलं. ती तिथंच मटकन खाली बसली.

कडब्याच्या ढिगातून आवाज येत होता. मला वाटलं, अप्पांना दम्याचा झटका आला. चाचा आणि मी धावलो, पेंढ्या उपसल्या. अप्पा हसत होते. डोक्यावर बिंदगं उपडं झालेलं, मिशांवरून अंबील ओघळतेय, कानात पाला, आणि हसून हसून त्यांना श्वास घेता येत नव्हता. “पडलं,” ते म्हणत होते. “अंगावर पडलं रे! असलं चित्र कुनी काढलेलं न्हाई!” बैलाने त्यांच्या खांद्यावरची एक काडी उचलली आणि चघळायला लागला.

अव्वा आली ती धावत नाही, पाय ओढत. लाल लुगड्याला भज्जी लागलेली. ती अप्पांच्या पुढ्यात बसली आणि लहान मुलीसारखी हुंदके देऊन रडायला लागली.

“मी सोडून पळाले ओ तुमाला. मागं वळून सुदिक बघितलं न्हाई.”

अप्पांचं हसणं थांबलं. त्यांनी हाताने तोंडावरची अंबील पुसली. आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा सरळ तिच्याकडे बघितलं.

“मी बी न्हवतं बघितलं,” ते म्हणाले. “त्या पहाटे. ट्रंक घेऊन पळालो.”

“ठावं हाय की मला,” अव्वा पदराने नाक पुसत म्हणाली. “मी जागीच होते. तुमी पळताना दिसलाव दारातनं. तवा म्हटलं, बरं झालं, एक तरी वाचला. लई बरं वाटलं होतं ओ मला.”

चाचांनी तोंड फिरवलं. पुतण्या उगीच बैलाला हाकलायला गेला. अप्पांनी कानातला पाला काढून टाकला. मग म्हणाले, “मग इतके दिवस सांगितलं का न्हाईस?”

“कसं सांगू?” अव्वा म्हणाली. “सांगायला तुमी घरात कुठं होताव?”

भज्जी मातीत गेली होती. वाटेकऱ्याच्या घरून ज्वारीच्या भाकरी आल्या, त्यांच्याबरोबर उरलेले उंडे खाऊन आम्ही जेवण उरकलं. इतकं चांगलं जेवण मी परत कधी जेवलेलो नाही. अप्पा आणि अव्वा एकाच ताटात जेवले आणि कुणी त्यांना त्यावरून छेडलं नाही.

दिवे लागायच्या सुमारास जीप दारात थांबली. अव्वाने कुलूप काढलं. मी सवयीने लिंबाखाली जाऊन चादर झटकायला घेतली. अप्पांनी पायातल्या चपला काढल्या, उंबऱ्याला हात लावला आणि तिच्या मागोमाग आत गेले.